लायसन्स आहेच, म्हणून ग्राहकांची वेबसाइटही शेअरपॉइंटवर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. अंधेरी पूर्वेला मुख्य कार्यालय असलेली सर्वसाधारण विमा कंपनी. आतली सगळी कागदपत्रं अनेक वर्षं शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रं सांभाळायच्या प्रणालीवर आहेत, सर्व्हर कंपनीचे स्वतःचे. ग्राहकांची वेबसाइट मात्र वेगळ्या, जुनाट प्रणालीवर, आणि ती सांभाळणाऱ्या व्हेंडरचा करार संपत आलाय. वरिष्ठांचं म्हणणं असं की लायसन्स भरलेलं आहे, टीमला शेअरपॉइंट येतं, तर वेबसाइटही त्यावरच चढवा. तुम्हाला विचारायचंय की हे करावं का, मराठी पानांचं काय होईल, आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर साहेबांना कोणत्या शब्दांत सांगायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेबसाइटची पानं शेअरपॉइंटवर नेऊ नका. पण वेबसाइटवर दिसणारी कागदपत्रं, म्हणजे पॉलिसीच्या शर्ती, दाव्याचे फॉर्म, तिमाही जाहीर करायचे एनएल फॉर्म (कंपनीचे आर्थिक आकडे), हे सगळं शेअरपॉइंटमध्येच राहू द्या आणि तिथूनच साइटवर जाऊ द्या. मीटिंगमध्ये या दोन्हींना सरसकट ‘कंटेंट’ म्हटलं जातं आणि घोळ तिथून सुरू होतो. पान समजावण्यासाठी आणि विकण्यासाठी असतं. आज लिहिलं, पुढच्या आठवड्यात बदललं, दिवाळीनंतर काढून टाकलं, तरी सहसा कोणी जाब विचारत नाही. शर्तींचा कागद मात्र काही वर्षांनी ग्राहक आयोगापुढे येऊ शकतो आणि तेव्हा ‘त्या तारखेला साइटवर नेमका कोणता मसुदा होता’ हे दाखवावं लागतं. पहिल्या कामाला चपळाई लागते, दुसऱ्याला चोख नोंद. एकाच साधनाकडून दोन्ही करून घ्यायला गेलात की सहसा पहिलं काम मरतं, कारण ऑडिटवाल्यांचा आवाज मार्केटिंगवाल्यांपेक्षा मोठा असतो.

साहेबांशी बोलताना मात्र ‘ही कल्पनाच चुकीची’ असं म्हणू नका, कारण एके काळी ती अगदी रास्त होती. २००७ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने कंटेंट मॅनेजमेंट सर्व्हर हे वेबसाइट सांभाळायचं आपलं वेगळं उत्पादन शेअरपॉइंटमध्ये मिसळून टाकलं आणि आतलं-बाहेरचं सगळं एकाच छताखाली, असा प्रचार सुरू झाला. फेरारीची साइट शेअरपॉइंटवर आहे हे तेव्हा व्हेंडर मंडळी हमखास दाखवायची. इंटरनेट साइटसाठी वेगळं, चांगलंच महाग लायसन्स लागायचं. २०१३ च्या आवृत्तीत तेही गेलं. त्या काळात ज्यांनी शेअरपॉइंट विकत घेतलं, त्यांच्या डोक्यात ते गणित अजून बसलेलं असतं.

पुढे वारं फिरलं. ९ मार्च २०१५ नंतर आलेल्या ऑफिस ३६५ च्या ग्राहकांना सार्वजनिक वेबसाइटची सोय मिळणं बंद झालं आणि काही वर्षांत जुन्या ग्राहकांचीही ती काढून घेतली गेली. आज शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे त्याच्या क्लाउडवरच्या रूपात, लॉगिन न केलेल्या माणसाला पान दाखवताच येत नाही. एखाद्या फाइलची किंवा फोल्डरची लिंक कोणालाही उघडता येईल अशी देता येते, पण ती वेबसाइट नव्हे. ग्राहकांसाठी पोर्टल हवं असेल तर खुद्द मायक्रोसॉफ्ट पॉवर पेजेस नावाचं वेगळं उत्पादन पुढे करतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणजे उद्या तुम्ही क्लाउडवर जायचं ठरवलंत तर आज बांधलेली वेबसाइट बरोबर येणार नाही. ‘भरलेलं लायसन्स’ हा मुद्दा इथेच अर्धा गळून पडतो.

सर्व्हर स्वतःचे असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या अजून शक्य आहे, हे खरं. आवृत्ती कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यांच्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६ आहे. पुढचा रस्ता सबस्क्रिप्शन एडिशनचा, म्हणजे शेअरपॉइंट सर्व्हरच्या नव्या आवृत्तीचा. नवी साइट उभी करताना खालची आवृत्तीही बदलायची असेल तर ती दोन प्रकल्पांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आता सुरक्षेकडे येतो, कारण साहेबांना हाच भाग सगळ्यात लवकर समजेल. जुलै २०२५ मध्ये स्वतःच्या जागेत चालवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झाले. ‘टूलशेल’ या नावाने ते प्रकरण गाजलं. लॉगिन न करता बाहेरून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने पॅच (दुरुस्त्या) दिले, पण नुसता पॅच लावून भागत नव्हतं. हल्लेखोर सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे त्याच्या गुप्त किल्ल्या, चोरून नेत होते आणि त्या बदलल्या नाहीत तर पॅच लावल्यानंतरही आत शिरता येत होतं. शेअरपॉइंट ऑनलाइनला याचा फटका बसला नाही. ज्यांचा सर्व्हर फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये होता, त्यांना विचार करायला थोडी उसंत मिळाली. ज्यांचा सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करून उभा होता, त्यांना ती मिळाली नाही. ग्राहकांची वेबसाइट शेअरपॉइंटवर नेणं म्हणजे तुमची अंतर्गत कागदपत्रं ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, तेच सॉफ्टवेअर मुद्दाम रस्त्यावर आणून ठेवणं. ‘वेगळा फार्म (सर्व्हरचा गट) उभारू, डीएमझेडमध्ये (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधल्या वेगळ्या पट्ट्यात) ठेवू’ असं उत्तर येईल. जरूर उभारा, पण मग फुकट काय राहिलं?

आणि हल्ला वगैरे सोडा, शेअरपॉइंट मुळात आतल्या माणसांसाठी घडवलेलं आहे हे साध्या गोष्टींतून दिसतं. प्रत्येक साइटला ‘सगळा मजकूर दाखवा’ असं एक व्यवस्थापनाचं पान असतं, प्रत्येक लायब्ररीला स्वतःचं यादीचं पान असतं. लॉगिनशिवाय साइट खुली केली आणि लॉकडाउन मोड (अनोळखी पाहुण्याला अशी पानं बंद करणारी सेटिंग) चालू नसला, तर जाणकार माणूस पत्ता टाइप करून ती पानं उघडू शकतो. पब्लिशिंग पोर्टलच्या साच्यातून साइट बनवली तर लॉकडाउन आपोआप चालू असतो, बाकी साच्यांत तो आठवणीने चालू करावा लागतो. एका वित्त कंपनीच्या साइटवर मी असं यादीचं पान बघितलंय: कोणती फाइल कोणी, कधी बदलली, कर्मचाऱ्यांच्या पूर्ण नावांसकट. त्यात चोरी-बिरी काही नव्हती, प्रणाली तिला शिकवलेलं काम इमानदारीने करत होती.

वेगाचंही तसंच. शेअरपॉइंट पान देताना बघणारा कोण, त्याला काय दिसायची परवानगी आहे, हे तपासत बसतं. ऑफिसात हेच हवं असतं. वेबसाइटवर येणारे बहुतेक सगळे अनोळखी आणि सगळ्यांना एकच पान हवं असतं, म्हणून तिथे ती मेहनत वाया जाते. कॅशिंग लावून, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून, बरंच सावरता येतं. आउटपुट कॅश, ब्लॉब कॅश, पुढे सीडीएन (ग्राहकाजवळच्या सर्व्हरवरून प्रती देणारं जाळं). पण मग तुम्ही शेअरपॉइंटला शेअरपॉइंटसारखं वागू न देण्यासाठी पैसे मोजताय. गूगलच्या निकषानुसार पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, तोही चारपैकी तीन भेटींत. हे मोजायचं असेल तर बीकेसीच्या काचेच्या ऑफिसातल्या वायफायवर मोजू नका. मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन घ्या, सकाळी नऊच्या दरम्यान कुर्ला-घाटकोपरच्या गर्दीत लोकलमध्ये उभे राहा आणि दाव्याचा फॉर्म उघडून बघा. तुमचा ग्राहक तिथेच असतो.

पाच हजारांच्या मर्यादेबद्दल तुमच्या टीमला माहीत असेलच. यादीच्या एका दृश्यात (व्ह्यू) पाच हजारांहून जास्त नोंदी ओढायला गेलं की शेअरपॉइंट हात वर करतं. ही मर्यादा खालच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमुळे आली आहे. साधारण तेवढ्या ओळींवर कुलूप लागलं की तो अख्खं टेबलच कुलूपबंद करतो. गॅरेजची यादी, कॅशलेस रुग्णालयांची यादी या गोष्टी विमा कंपनीत सहज पाच हजारांच्या वर जातात आणि त्याच ग्राहक सगळ्यात जास्त शोधतात. त्या याद्या शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये ठेवून थेट साइटवर दाखवायचा मोह कितीही झाला तरी आवरा.

मग करायचं काय? तुमच्याकडचं शेअरपॉइंट दुकानाच्या माळ्यासारखं वापरा. माल तिथे मोजून-मापून ठेवलेला असतो, पण गिऱ्हाइकाला शिडीवर चढवत नाहीत.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. शेअरपॉइंटमध्ये एकच ‘प्रसिद्धीसाठी’ लायब्ररी करा. मसुदा तिथे ०.१, ०.२ असा वाढत जातो. मंजुरी मिळाली की तो १.० होतो, म्हणजे मेजर व्हर्जन. फक्त मेजर व्हर्जन झाल्यावरच एक छोटी प्रक्रिया जागी व्हावी. तिने फाइलची प्रत काढावी, तिच्यातली लेखकाची नावं, शेरे, ट्रॅक चेंजेसचे अवशेष साफ करावेत आणि ती प्रत बाहेरच्या साठ्यात ढकलावी. हा साठा क्लाउडवरचा साधा ऑब्जेक्ट स्टोअर (फायलींचं कोठार) असला तरी पुरे. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गूगल क्लाउडचं २०१७ पासून. वेबसाइट फाइल तिथून देते. दिशा नेहमी आतून बाहेर. वेबसाइटने शेअरपॉइंटला हाक मारून फाइल मागायची नाही. कारण एक तर त्यासाठी आत जायचा दरवाजा उघडा ठेवावा लागतो. शिवाय उद्या शेअरपॉइंट ऑनलाइनवर गेलात तर तिथे विनंत्यांवर नियंत्रण आहे. गर्दी झाली की ते ‘थोड्या वेळाने या’ म्हणतं, आणि गर्दी नेमकी ग्राहक अडचणीत असतात तेव्हाच होते.

या लायब्ररीतली मेटाडेटाची, म्हणजे प्रत्येक कागदाबद्दलच्या माहितीची, कॉलम्स हा या सगळ्या कामाचा जीव आहे, त्यावर वेळ घालवा. उत्पादनाचं नाव पुरेसं नाही, कारण मार्केटिंग ते दर दोन वर्षांनी बदलतं. प्रत्येक विमा उत्पादनाला विमा नियामक आयआरडीएआयने दिलेला यूआयएन हा क्रमांक असतो, तो खरा ओळख क्रमांक माना. त्याच्या जोडीला भाषा, कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या तारखेपर्यंत लागू, विक्री चालू की बंद. विक्री बंद झाली म्हणून कागद साइटवरून काढून टाकायचा नाही, कारण आधी पॉलिसी घेतलेले ग्राहक अजून आहेत. तो ‘बंद केलेली उत्पादनं’ या भागात सरकतो. या एका फरकावरून मी मोठमोठे वाद झालेले बघितलेत. वेब टीमला ‘बंद’ म्हणजे ‘डिलीट’ वाटतं आणि क्लेम विभागाला घाम फुटतो.

लिंकही दोन प्रकारच्या ठेवा. एक कायम ‘सध्याची शर्तपत्रिका’ दाखवणारी, जी जाहिरातीत आणि क्यूआर कोडमध्ये जाईल. दुसरी त्या विशिष्ट आवृत्तीची, जी कधीच बदलणार नाही आणि जी पॉलिसीसोबतच्या ईमेलमध्ये जाईल. एकच लिंक ठेवली तर २०२१ साली पॉलिसी घेतलेला ग्राहक आजच्या शर्ती वाचून भांडायला येतो, आणि त्याची चूक नसते. इथे एक धोक्याची सूचना. शेअरपॉइंटच्या व्हर्जन हिस्टरीलाच दफ्तर समजू नका. जुनी व्हर्जन्स किती ठेवायची याला मर्यादा असते आणि जागा वाचवायला कोणीतरी ती कमी करतंच. लागू झालेली प्रत्येक आवृत्ती ही स्वतंत्र फाइल, स्वतंत्र नोंद असू द्या.

मंजुरीच्या साखळीबद्दल. तुमच्याकडे उत्पादन विभाग, लीगल, कम्प्लायन्स आणि मार्केटिंग असे चार टप्पे असतील, तर शर्तपत्रिकेसाठी ते योग्यच आहेत. तीच साखळी वेबसाइटच्या प्रत्येक पानाला लावू नका. आणि पावसाळ्याचा विचार आधीच करा. जुलैमध्ये हिंदमाता आणि अंधेरी सबवे पाण्याखाली गेले की तासाभरात गाड्या बुडालेले लोक तुमच्या साइटवर येतात. ‘पाण्यात अडकलेली गाडी सुरू करू नका, या नंबरवर टोइंगसाठी फोन करा’ हे त्यांना सगळ्यात वर दिसायला हवं. इंजिनमध्ये पाणी असताना चावी फिरवली तर नुकसान कितीतरी वाढतं, त्यामुळे हा मजकूर कंपनीचेही पैसे वाचवतो. पण त्या वेळी मंजुरी देणारे साहेब कुठे असतात? लोकलमध्ये अडकलेले, किंवा घरी, व्हीपीएन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा नाही, त्याच्या पाव पडला तरी हे शहर थांबतं. म्हणून आपत्तीचे तीन-चार मजकूर, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, उन्हाळ्यातच मंजूर करून ठेवा, आणि ते चालू करायचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला, फोनवरून करता येईल असा द्या. शेअरपॉइंटच्या वर्कफ्लोमधून हे होत नाही असं नाही. पण त्या वर्कफ्लोला ‘अपवाद’ हा शब्द आवडत नाही.

आता मराठी. इथे अडचणी प्लॅटफॉर्मपेक्षा आपल्याच सवयींच्या जास्त आहेत आणि कोणतंही साधन घेतलं तरी त्या तुमच्या मागे येतील.

सगळ्यात मोठी म्हणजे डीटीपीकडून येणारा मजकूर. ब्रोशर बनवणारी एजन्सी अजूनही कित्येकदा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करते. छापून आलेला कागद सुंदर दिसतो, पीडीएफही सुंदर दिसते. पण त्या पीडीएफमधलं वाक्य कॉपी करून बघा: रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. गूगलला तोच कचरा दिसतो, अंध ग्राहकाच्या स्क्रीन रीडरलाही तोच ऐकू येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ चाच भाग मानलाय. त्यामुळे हा आता फक्त सौजन्याचा विषय उरलेला नाही. एजन्सीच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहा: मजकूर युनिकोडमध्ये, पीडीएफ टॅग केलेली (स्क्रीन रीडरला तिची रचना कळेल अशी), त्याशिवाय बिल मंजूर नाही. बिलाचं वाक्य घातल्याशिवाय बाकीची वाक्यं कोणी वाचत नाही.

मग साइटवरचा शोध. ग्राहक ‘विमा’ शोधतो, पानावर ‘विम्याचा’, ‘विम्याला’ असतं. ‘दावा’ शोधतो, पानावर ‘दाव्याची’. सामान्यरूपात शब्दाचं अंगच बदलतं, त्यामुळे नुसतं अक्षराला अक्षर जुळवणारा शोध रिकामा परततो. त्यातून ‘दुसऱ्या’सारखे शब्द दोन पद्धतींनी टाइप होतात, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. इंडेक्स बनवताना दोन्ही एकाच रूपात आणायचे हा नियम व्हेंडरला पहिल्या दिवशी सांगा. बरेच लोक रोमन लिपीतच मराठी टाइप करतात हेही धरून चाला. तुमच्या कॉल सेंटरकडे लोक काय शब्द वापरतात याची खाण आहे. तिथून महत्त्वाच्या शब्दांची समानार्थी यादी बनवली तर महागड्या सर्च इंजिनपेक्षा जास्त काम होईल.

पानाच्या पत्त्यात देवनागरी घालू नका असं माझं मत आहे. प्रत्येक अक्षर-चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइटचं होतं आणि लिंक कॉपी केली की त्याची नऊ नऊ रोमन चिन्हं होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक बघून माणूस फसवणूक समजतो. साधा रोमन पत्ता ठेवा आणि शीर्षक झकास मराठीत लिहा. दिसण्याच्या बाबतीत एवढंच सांगतो की इंग्रजी डिझाइन मराठीला चढवताना अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंग काढा, नाहीतर शिरोरेखा तुटते. आणि बटणांची उंची ठरावीक ठेवू नका, रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. फॉन्ट म्हणून मुक्त चांगला आहे, मुंबईच्याच एक टाइपने केलेला, मोफत. फाइल हलकी करण्याच्या नादात त्यातले जोडाक्षरांचे नियम मात्र कोणी उडवत नाही ना, ते बघा.

वेबसाइटसाठी मग कोणतं साधन, यावर मी जास्त शाई घालवणार नाही. काही शे पानं आणि चार-पाच जणांची संपादकीय टीम असेल तर ड्रूपल हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर पुरून उरतं. आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सोय त्याच्या गाभ्यातच आहे. जुनी साइट ड्रूपल ७ वर असेल तर तिचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपलाय, तेव्हा ‘आहे तेच चालू ठेवू’ हा पर्याय नाही. अडोबी एक्सपीरियन्स मॅनेजर ताकदीचं आहे, पण अनेक ब्रँड, अनेक देश आणि ते चालवायला स्वतंत्र माणसं असतील तरच पैसे वसूल होतात. वर्डप्रेसही चालेल, फक्त प्लगइनचा सोस आवरणारा एक खमका माणूस हवा. ग्राहकाचं लॉगिन, त्याची पॉलिसी, त्याचा हप्ता हे यापैकी कशातच ठेवू नका. ते तुमच्या पॉलिसी प्रणालीचं काम आहे आणि वेबसाइटने तिथवर नेऊन सोडायचं.

चौकशी फॉर्ममधून येणारी नावं-नंबर शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये टाकायची फार जुनी सवय असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ खाली संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. सीडीएनचे लॉग या हिशेबात धरायचे राहून जातात, कारण ते ‘आपल्या’ सर्व्हरवर नसतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सेबीच्या एलओडीआर (नोंदणी आणि खुलाशांच्या) नियमांतल्या नियम ४६ प्रमाणे साइटवरचा बदल दोन कामकाजी दिवसांत करावा लागतो, आणि नियम ३० खालचे खुलासे किमान पाच वर्षं साइटवर राहावे लागतात. हे सगळं वाचलं तर लक्षात येईल की नियामकाला तुमच्या पानांच्या रंगरूपात रस नाही. त्याला कागद, तारखा आणि नोंदी हव्या आहेत, म्हणजे शेअरपॉइंटला जे उत्तम येतं तेच.

साहेबांना हे सांगताना तंत्रज्ञानाच्या बाजूने जाऊ नका, ते तुम्हाला ‘नवीन खेळणं हवंय’ असं समजतील. त्यांनाच काही प्रश्न लेखी विचारा. शुक्रवारी रात्री तातडीचा पॅच आला तर ग्राहकांची साइट बंद करायचा निर्णय कोण घेणार आणि किती तासांत? बाहेरच्या फार्मचं पेनिट्रेशन टेस्टिंग (मुद्दाम हल्ला करून घेतलेली चाचणी) कोणाच्या बजेटमधून? क्लाउडवर जायचं ठरलं तर ही पानं कुठे जाणार? शेअरपॉइंटच्या पब्लिशिंग पानांतून मजकूर बाहेर काढणं हे किचकट काम आहे. वेब पार्ट, पेज लेआउट, आणि मजकुरात मिसळलेली रंग-आकाराची कोडं. या प्रश्नांसमोर लायसन्सचा आकडा ठेवला की तो एकूण खर्चातला छोटा भाग आहे हे त्यांना स्वतःलाच दिसेल. आणि त्याच कागदावर हेही लिहा की शेअरपॉइंट जात नाहीये, उलट त्याच्याकडे जबाबदारीचं काम येतंय. तुमच्या शेअरपॉइंट टीमला ते ऐकायचं असतं, नाहीतर तेच लोक प्रकल्पाच्या आड येतील आणि त्यांचं फारसं चुकतही नसेल.

साइट बदलताना जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी करा आणि प्रत्येकाला नवीन पत्त्यावर कायमचं वळवा. गूगलसाठी हे सगळे करतात. शाखांमधल्या स्टँडीवर छापलेले क्यूआर कोड आणि एसएमएस मात्र विसरले जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक एसएमएसमधली लिंक आधी नोंदवलेली नसेल तर संदेशच पुढे जात नाही. नवीन पत्त्यांची नोंदणी उरकल्याशिवाय साइट लाइव्ह केली तर हप्त्याची आठवण करून देणारे संदेश गपचूप गायब होतात आणि वसुलीचे आकडे पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. एसएमएस कोणत्या विभागाकडे आहेत ते आजच शोधा, बहुतेक ते आयटीकडे नसतात.

सुरुवात दाव्याच्या फॉर्मपासून करा. त्यांची संख्या कमी असते, मालक एकच विभाग असतो आणि चुकीचा फॉर्म डाउनलोड झाल्याच्या तक्रारी कॉल सेंटरकडे मोजता येतात. ती एक लायब्ररी नीट लावा, तिथून बाहेर ढकलणारी प्रक्रिया जुन्या वेबसाइटलाच जोडा, अगदी व्हेंडरचा करार चालू असतानाच. तेवढं गणपतीच्या आधी चालू झालं तर नव्या साइटचा प्रस्ताव तुम्ही हातात आकडे घेऊन मांडाल.